जागा, गाइड आणि प्रश्न: कमलाबाई सोहोनी यांच्या संशोधन-कारकिर्दीचा अभ्यास

कमलाबाई सोहोनींबद्दल मराठीत जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बहुतेक १९३३ सालच्या एका नकाराभोवती फिरतं. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या या मुलीला बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या बोलीत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, संशोधन करायचं होतं. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला आणि ती हटली नाही. हा प्रसंग सांगायलाच हवा. पण संशोधनात उतरू पाहणाऱ्याच्या हाती त्यातून फक्त जिद्द लागते, आणि जिद्द नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला बसणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे असते. मला या प्रकरणात खरा रस आहे तो त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत. माणूस तोच, मेहनत तीच. तरी एका ठिकाणी दीड वर्षाच्या आत डॉक्टरेटचं काम पुरं होतं, दुसऱ्या ठिकाणी वरचं पद असूनही वाट खुंटते, तिसऱ्या ठिकाणी विद्यार्थ्यांची एक फळी उभी राहते. हा फरक कशानं पडला?

घरची शिदोरी

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही याच बंगळूरच्या संस्थेत शिकलेले. थोरली बहीण दुर्गा, म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवत. अशा घरात संशोधन म्हणजे काय, ते कुठं चालतं, अर्ज कुणाला करायचा, हे विचारायला उंबरठा ओलांडावा लागत नव्हता. हे आधीच नोंदवावंसं वाटतं, कारण पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला नेमकी हीच माहिती मिळत नाही आणि मग आपल्यातच काही कमी आहे असं त्याला वाटू लागतं. कमलाबाईंना नकार मिळाला तेव्हा तो अन्याय आहे हे त्यांना लगेच कळलं. वडील-काका जिथं शिकले ती संस्था आपल्यालाही खुली असायला हवी, असं त्यांनी गृहीतच धरलं होतं.

एक वर्ष अटींवर

रामन यांना १९३० साली नोबेल मिळालं होतं आणि १९३३ मध्ये ते संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. कमलाबाई बंगळूरला गेल्या, समोर उभ्या राहून कारण विचारलं आणि प्रवेश घेतल्याशिवाय जाणार नाही असं सांगितलं. अखेर तीन अटींवर परवानगी मिळाली. पहिलं वर्ष त्यांना रीतसर विद्यार्थी मानलं जाणार नाही, संचालकांचं समाधान झालं तरच काम ग्राह्य. संचालकांचं समाधान झालं तरच काम ग्राह्य. गाइड सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये.

तिसरी अट वाचून संताप येतो, आणि यावा. तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होईल याची जबाबदारी एका बावीस वर्षांच्या मुलीवर टाकली होती. कारकिर्दीच्या दृष्टीनं मात्र जास्त घातक अट पहिली होती. वर्षभराचं काम मोजायचं की नाही हे एका माणसाच्या मर्जीवर राहणार, आणि त्या मर्जीचा निकष कुठं लिहिलेला नाही. संशोधनात वर्ष वाया जाणं ही साधी गोष्ट नसते. शिष्यवृत्तीची मुदत, वयाची अट, पुढच्या अर्जासाठी लागणारं शिफारसपत्र, सगळं त्या वर्षाला बांधलेलं असतं.

याच संस्थेत, रामन यांच्याच प्रयोगशाळेत, १९४० पासून ॲना मणी यांनी माणिक आणि हिऱ्यांच्या वर्णपटांवर काम केलं. त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९४५ मध्ये प्रबंध सादर केल्यावर मद्रास विद्यापीठानं तो पदवीसाठी धरला नाही, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नव्हती. पुढे त्या हवामानशास्त्राच्या उपकरणांकडे वळल्या आणि पुण्याच्या वेधशाळेत त्यांनी त्या क्षेत्रात मोठं काम उभं केलं, पण डॉक्टर ही पदवी त्यांच्या नावामागे कधी लागली नाही. कमलाबाईंचं काम ग्राह्य धरलं गेलं, मणींचं कागदावर अडलं. दोघींच्या कुवतीशी या फरकाचा काही संबंध नाही.

वर्षभरानंतर रामन यांचं समाधान झालं, कमलाबाई रीतसर विद्यार्थिनी झाल्या आणि संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली. रामन यांच्या थोरवीबद्दल कमलाबाईंना शंका नव्हती, पण त्या वेळी झालेला अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयात तसं त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं. आपल्याकडे अशा वेळी 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणण्याचा आग्रह असतो. त्यांनी तो मानला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

श्रीनिवासय्या

या प्रकरणातला सगळ्यात कमी चर्चा झालेला माणूस म्हणजे त्यांचे बंगळूरचे गाइड, एम. श्रीनिवासय्या. ते कडक होते, भरपूर काम घेत. त्याच वेळी ते विद्यार्थिनीला जीवरसायनशास्त्रातले त्या काळचे मूळ शोधनिबंध वाचायला लावत आणि शंका आली तर थेट लेखकाला पत्र लिहायला सांगत. १९३० च्या दशकात, जहाजानं टपाल जात असताना, बंगळूरमधल्या विद्यार्थिनीनं युरोपातल्या शास्त्रज्ञाला 'तुमच्या निबंधातलं हे मला पटलं नाही' असं लिहायचं! जगभर जी चर्चा चालली आहे तिच्यात आपल्यालाही बोलता येतं, हा विश्वास अशा पत्रांतूनच येतो. केंब्रिजला गेल्यावर नोबेलविजेत्यांच्या गोतावळ्यात त्या बुजल्या नाहीत, त्याचं बीज मला इथं दिसतं.

विषय होता दूध आणि कडधान्यांमधली प्रथिनं. भात-डाळीवर जगणाऱ्या, मांस-अंडी न परवडणाऱ्या देशात प्रथिनं कुठून येतात आणि त्यातली अंगी किती लागतात, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. या कामावर १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली, बंगळूरची संस्था तेव्हा स्वतः विद्यापीठाची पदवी देत नसे. पाठोपाठ परदेशी शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या.

केंब्रिज: उसनं टेबल आणि बटाटा

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला पोचल्या. जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले. बंगळूरला जिथं मुलगी असणं ही अडचण ठरली होती, तिथं हॉपकिन्स यांचा विभाग स्त्री-संशोधकांना मुक्तपणे काम देणारा म्हणून ओळखला जात होता. मार्जरी स्टीफन्सन तिथल्याच. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलो म्हणून निवडल्या गेलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी एक. म्हणून 'इंग्रज पुढारलेले, आपण मागास' असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. खुद्द केंब्रिज विद्यापीठानं स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं सदस्यत्व आणि पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये, कमलाबाई शिकून परतल्यावर बऱ्याच वर्षांनी. विद्यापीठ मागे होतं, विभाग पुढे होता. नवी मुलं संस्थेचं नाव बघून अर्ज करतात. त्यांचे रोजचे दिवस मात्र विभागात, त्यातही एका प्रयोगशाळेत जातात.

विभागात रिकामी जागा नव्हती. तिथले संशोधक डेरिक रिक्टर यांनी दिवसा आपलं टेबल त्यांना वापरायला दिलं. सहा-आठ फुटांचा ओटा, नळ, बर्नर, काचसामान ठेवायला फळी: संशोधकाची 'जागा' म्हणजे प्रत्यक्षात एवढंच. ती नसेल तर डोक्यात कितीही कल्पना असून काही होत नाही. रिक्टर यांच्यासोबतचं काम १९३८ मध्ये बायोकेमिकल जर्नलमध्ये छापून आलं. पुढे त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल यांनी नुकतंच दाखवलं होतं की पानातून वेगळी काढलेली हरितलवकंही प्रकाशात ऑक्सिजन सोडतात.

इथल्या प्रयोगाकडे थोडं जवळून बघायला हवं. सायटोक्रोम हे लोहयुक्त रंगद्रव्य असलेलं प्रथिन. पेशी अन्न 'जाळून' ऊर्जा काढते, तेव्हा इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे पोचवत शेवटी ऑक्सिजनपर्यंत नेण्याच्या साखळीत ते असतं. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये त्याला हे नाव दिलं. ते पाहिलं होतं कीटकांच्या उडण्याच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये. बघण्याचं साधन म्हणजे लहानसा वर्णपटदर्शक. ऊतीतून जाणारा प्रकाश त्यातून पाहिला की रंगांच्या पट्ट्यात काही ठिकाणी काळसर रेघा दिसतात. सायटोक्रोम सी-ची ठळक रेघ ५५० नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्या भागात. ऑक्सिजन मिळाला की रेघ विरते, तो संपला की पुन्हा उमटते. म्हणजे प्रथिन इलेक्ट्रॉन देतं-घेतं आहे हे डोळ्यांनी बघता येतं. वनस्पतींत अडचण अशी की हरितद्रव्याचा गडद रंग सगळं झाकून टाकतो. म्हणून हिरव्या नसलेल्या भागांकडे वळायचं; बटाटा हे त्यातलं हाताशी असलेलं उदाहरण. कमलाबाईंनी बटाट्यात सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं आणि वनस्पतींच्या पेशीही प्राण्यांप्रमाणेच या साखळीतून श्वसन करतात या मताला बळ मिळालं. हिल आणि त्यांचं टिपण १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये आलं.

प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. केंब्रिजमध्ये पाऊल ठेवल्यापासून चौदा महिन्यांत तो तयार झाला आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. (वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. १९३१ मध्येच मिळाली होती. पहिलं कोण या वादापेक्षा दोघींची नावं एका दमात घेतली जावीत असं मला वाटतं.) चाळीस पानं ही गोष्ट आजच्या गाइडनी आणि विद्यार्थ्यांनी, दोघांनीही, लक्षात ठेवावी. साडेतीनशे पानांचा ठोकळा बांधून घेताना त्यातली दोनशे पानं आधीच्या साहित्याचा आढावा असतो. चाळीस पानं पुरली, कारण विचारलेला प्रश्न नेमका होता आणि त्याचं उत्तर मिळालं होतं.

परतल्यावर

त्या १९३९ मध्येच भारतात परत आल्या. मला या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड टप्पा बंगळूरचा वाटत नाही, हा वाटतो. केंब्रिजची पदवी, नेचरमधला निबंध, हॉपकिन्स-हिल यांच्यासारख्यांची साथ, आणि वय अठ्ठावीस. नोकरी मिळाली दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात, जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागाच्या प्रमुखपदी. पद मोठं, पण नवा विभाग उभा करायचा म्हणजे टेबलांपासून अभ्यासक्रमापर्यंत सगळं आपणच बघायचं. स्वतःच्या संशोधनाला त्यात किती वेळ उरतो, हे अशा नेमणुकीवर गेलेल्या कुणालाही विचारावं.

तिथून त्या निलगिरीतल्या कुन्नूरला गेल्या, पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलली आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. विषय पूर्णपणे त्यांचा: अन्न, जीवनसत्त्वं, कुपोषण. कामही झालं, निबंध प्रसिद्ध झाले. पण वर जायची वाट दिसेना. चांगली प्रयोगशाळा, आवडीचा विषय आणि बढतीला मर्यादा, अशा ठिकाणी अडकलेले संशोधक आजही प्रत्येक मोठ्या संस्थेत दिसतील. बाहेरून बघणाऱ्याला 'इतकं चांगलं चाललंय, मग सोडलं का?' असं वाटतं. सोडणाऱ्याला मात्र पुढची वीस वर्षं दिसत असतात.

१९४७ मध्ये विमागणिती एम. व्ही. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. इथं थोडं थांबायला हवं. लग्न आणि गाव बदलणं हा स्त्री-संशोधकाच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा गळतीचा टप्पा आहे. आजही शासनाला खंड पडलेल्या स्त्रियांसाठी वेगळ्या योजना ठेवाव्या लागतात. कमलाबाईंच्या बाबतीत तो गळतीचा टप्पा ठरला नाही. त्यांची इच्छाशक्ती होतीच, पण मुंबईत त्या वेळी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग होता आणि त्यात त्यांना जागा मिळाली, हेही तेवढंच खरं आहे. नवऱ्याचं गाव मुंबई नसून एखादं प्रयोगशाळा नसलेलं गाव असतं तर? असा प्रश्न विचारताना मन जड होतं, कारण अशा गावी गेलेल्या अनेकींची नावं कुठल्याच अभ्यासात येत नाहीत.

मुंबईची वर्षं

फोर्टातल्या या संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन जे केलं, ते मला केंब्रिजच्या कामाइतकंच मोलाचं वाटतं. बंगळूरला सुरू झालेला कडधान्यांचा धागा त्यांनी पुन्हा उचलला. प्रश्न आता जास्त टोकदार होता: कडधान्यात प्रथिनं भरपूर असतात, पण पचताना अडतात का?

अडतात. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अटकाव करणारी प्रथिनं असतात. वाल आणि डबल बी यांच्यातून हे अटकाव करणारे घटक स्फटिकरूपात वेगळे काढल्याचं टिपण त्यांनी सहकाऱ्यासह १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये दिलं. उष्णतेनं हे घटक बऱ्याच प्रमाणात निष्क्रिय होतात. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, मग चांगले शिजवून बिरडं करायची आपल्याकडची रीत आहे. त्या रीतीतल्या शिजवण्यामागचं रसायन या प्रयोगशाळेत उलगडत होतं. स्थानिक विषय घेतला की आंतरराष्ट्रीय मासिकं दारात उभं करत नाहीत, अशी भीती मुलांना असते. वालाचा दाणा नेचरमध्ये जाऊ शकला, कारण विषय स्थानिक असला तरी प्रश्न आणि पद्धत जगात कुठंही तपासता येण्यासारखी होती.

दुसरं मोठं काम नीरेवरचं. ताड-शिंदीचा आंबवण्याआधीचा ताजा रस म्हणजे नीरा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी तिचा अभ्यास हाती घेतला. तिच्यात क जीवनसत्त्व, लोह आणि इतर पोषक घटक किती आहेत हे मोजलं आणि कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा दिली तर तब्येत सुधारते असं दाखवलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या प्रतीबाबत सल्ला दिला. महागडं उपकरण लागणार नाही, पण उत्तर हजारो घरांत पोचेल, असे प्रश्न त्या निवडत गेल्या. सरकारी महाविद्यालयाच्या तुटपुंज्या साधनांत जागतिक दर्जाचं काम करायचं तर याहून शहाणी निवड मला सुचत नाही.

एवढं असून संस्थेचं संचालकपद मिळायला त्यांना चार वर्षं थांबावं लागलं. तेव्हा त्या नवख्या नव्हत्या. नेचरमध्ये दोनदा लिहिलेल्या, राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळालेल्या शास्त्रज्ञ होत्या. १९३३ चा नकार तोंडावर होता, म्हणून त्याला सामोरं जाता आलं. फाइल पुढे न सरकण्याला सामोरं कसं जायचं, याचं उत्तर कुणालाच शिकवता येत नाही.

नंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या. मुंबईत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत त्यांनी काम केलं, अन्नातली भेसळ ओळखण्याबद्दल लिहिलं, पुढे अध्यक्षपदही सांभाळलं. १९९८ मध्ये त्या गेल्या.

या प्रकरणातून काय विचारावं

संशोधनात जाऊ का, असं विचारणाऱ्या मुलामुलींना मार्क आणि रँक यांची चिंता असते. जेआरएफ ही कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली की महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं, हा हिशेब ठाऊक असतो. ती चिंता रास्त आहे. कमलाबाईंचंही शिष्यवृत्तीशिवाय भागलं नसतं. पण प्रवेश नक्की करण्याआधी त्या प्रयोगशाळेत दोन दिवस जाऊन बसा. गेल्या पाच वर्षांत तिथून किती जण पीएच.डी. होऊन बाहेर पडले आणि किती जण अर्ध्यात सोडून गेले, हे सीनिअरना चहाच्या टपरीवर विचारा. गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात, निबंधावर पहिलं नाव कुणाचं लागतं, काम पुरं झालं की नाही हे कोण ठरवतं आणि ते कुठं लिहिलेलं आहे का. अटी तोंडी असतील तर लेखी मागा. आणि हे विचारल्यावर तोंड वाकडं करणारी प्रयोगशाळा कितीही नामांकित असली तरी तिथं जाऊ नका, असं मी ठामपणे सांगेन.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट. कमलाबाईंचे शोधनिबंध आज शोधायला बसलं तर ते दोन नावांवर विखुरलेले सापडतात. सुरुवातीचे भागवत नावावर, मुंबईचे सोहोनी नावावर; आणि हिल यांच्यासोबतचं वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचं काम १९५१ मध्ये, लग्नानंतर चार वर्षांनी, पुन्हा भागवत नावानंच छापलं गेलं. एकाच नावानं शोधणाऱ्याला अर्धी कारकीर्द दिसतच नाही. आता संशोधकाला कायमचा ओळखक्रमांक मिळतो, ऑर्किड (ORCID) म्हणतात तो; फुकट आहे, दहा मिनिटांत होतो. पहिला निबंध पाठवण्याआधी तो काढा, आणि कोणत्या नावानं लिहायचं ते एकदाच ठरवून सगळीकडे तेच लावा.